निवू दे जरा

गेल्या महिन्यातली गोष्ट. गोष्ट म्हणावी असं काही घडलंच नाही खरं म्हणजे. रात्रीचे साडेआठ-नऊ झाले असतील, मी ओट्यापाशी भाकरी करत होतो, लेक पुढ्यात फिजिक्सचं पुस्तक उघडं ठेवून जेवत होती आणि बाई तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. आमच्याकडं आईला बाई म्हणतात, लहानपणापासून जीभ तशीच वळलीये. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी महिनाभर जाळापाशी, वाफेपाशी जायचं नाही असं बजावून सांगितलंय, नाहीतर ती लातूरला आमच्याकडं आली की पिशवी ठेवायच्या आधी ओट्याचा ताबा घेते आणि मला तिथं उभं राहू देत नाही. तर ती नुसती बसली होती. मी तव्यावरची भाकर उचलून जाळावर धरली, ती टम्म फुगली, मला फार बरं वाटलं, कारण बाईसमोर आपली भाकर फुगावी असं चार दिवसांपासून मनात होतं, आणि मी ती तशीच वाफाळती नेऊन तिच्या ताटात टाकली. सोबत भरली वांगी, फोडलेला कांदा, करडईच्या तेलात कालवलेली जवसाची चटणी. बाईनं भाकरीकडं बघितलं, दोन बोटांनी उचलली आणि वाटीला टेकवून उभी करून ठेवली.

"खा की गं, गरम हाय तवर."

"निवू दे जरा."

मला वाटलं चटका बसला असेल. मी दुसरी भाकर लेकीला वाढली, तिसरी तव्यावर टाकली, बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मधेच भाकरीला हाताची पाठ लावून बघायची. चांगली गार झाली तेव्हा तिनं ती मोडली, वांग्याच्या रश्शात बुडवली आणि जेवली, दीड भाकर खाल्ली, बरी जमलीये म्हणाली, मीठ बरोबर पडलंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी भाकर तिच्या ताटात टाकून गॅस बारीक केला आणि मुद्दाम समोर जाऊन बसलो. तर म्हणाली, "आरं तू खा ही. मला गरम भाकर गिळंना बाबा. सवयच न्हाई, कवा खाल्लीच न्हाई ना."

हे ती इतक्या सहज बोलली की लगेच पुढच्या वाक्यात तिनं मिरची मागितली.

खाण्यावर माझा जीव आहे हे घरात, ऑफिसात, पाहुण्यारावळ्यांत सगळ्यांना माहीत आहे. कुठं काय खाल्लं ते मला त्या गावाच्या रस्त्यांपेक्षा जास्त आठवतं. उदगीरच्या एका लग्नातली येसराची आमटी, इतकी झणझणीत की कानातून वाफा निघत होत्या आणि तरी मी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. परभणीला मित्राच्या शेतात आगटीभोवती बसून खाल्लेला हुरडा, गरम कणसं हातावर चोळून, फुंकर मारून, तिळाच्या चटणीसोबत, तळहात दोन दिवस काळे होते. संभाजीनगरला लेकीच्या परीक्षेला गेलो तेव्हा सकाळी सकाळी खाल्लेली इमरती. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो होतो तिथली दाट डाळ आणि ओंजळीत पडलेली रोटी. हे सगळं चवीसकट लक्षात आहे. आणि माझी आई गरम खाते का गार, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून कळलं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात तेच घोळत राहिलं. मी तिला कधी गरम भाकर खाताना बघितलंय का? आठवून आठवून बघितलं. नाही.

गावाकडचं आमचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. स्वयंपाकघर म्हणजे आतली अंधारी खोली, वर माळवदाला एक सानं, त्यातून धूर वर जायचा आणि दुपारच्याला उन्हाचा एक उभा खांब खाली यायचा, त्यात पिठाचे कण तरंगताना दिसायचे. बाई चुलीपुढं एक गुडघा वर करून बसलेली, समोर काटवट म्हणजे लाकडी परात, एका हाताला पिठाचा डबा, दुसऱ्या हाताला पाण्याचं भगुनं. भाकर थापल्याचा आवाज पार ओसरीपर्यंत यायचा, थप थप थप, आणि त्या आवाजावरनं कळायचं की आता गोळा पसरलाय, आता कडा आवळल्या, आता उचलली. तव्यावर एक बाजू झाली की भाकर आरासमोर, म्हणजे निखाऱ्यांपुढं, उभी करायची, ती हळूहळू पोट फुगवायची, आणि आम्ही तिघं भावंडं ताटल्या घेऊन बसलेलो, ही माझी, ही माझी. पहिल्या भाकरीचा वरचा पापुद्रा बाई काढायची, आतनं वाफेचा भपकारा यायचा, त्या पापुद्र्यावर तेल आणि मीठ-तिखट टाकून गुंडाळी करून ज्याचा नंबर असेल त्याच्या हातात द्यायची. आम्हाला तो धरवायचा नाही, या हातातनं त्या हातात उड्या मारायचो. तिच्या बोटांना मात्र काही व्हायचं नाही. चुलीतनं उडालेला निखारा ती हातानं उचलून परत आत टाकायची.

जेवायची एक ठरलेली रांग होती. आधी आण्णा आणि काका, सोबत सालगडी, मग आम्ही लेकरं, मग आज्जी. आण्णांना गार भाकर चालायची नाही. ते कधी चिडले नाहीत, ताटावरनं उठले नाहीत, फक्त हात थांबायचा आणि चुलीकडं बघायचे. तेवढं पुरायचं. त्यांची भाकर संपायला आणि तव्यावरची उतरायला एकच गाठ पडायची, हे बाईचं कसब, आणि आल्यागेल्यांत त्याचं कौतुक पण व्हायचं. आमचंही तसंच, गरम दे म्हणून आम्हीही ताटली वाजवायचो. सगळ्यांचं झालं की बाई जाळ ओढायची, चूल शांत व्हायची, आणि मग ती, काकू आणि असली तर आत्या अशा तिघी दुरडी मधे घेऊन बसायच्या. दुरडीत तोवर राहिलेल्या म्हणजे कडा फुटलेल्या, एखादी करपलेली, एखादी सकाळची. आम्ही अंगणात अंथरुणावर पडलेलो असायचो आणि आतनं त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. काय बोलायच्या कोण जाणे, आत डोकावलं तर "झोप जा की रे" म्हणून हाकलायच्या. एकदा काकू इतकी हसली होती की तिला ठसका लागला आणि आण्णा ओसरीवरनं ओरडले, पाणी पी, पाणी. तो हसण्याचा आवाज मला बाईच्या त्या वाक्यासोबत आठवला, आणि दोन्ही एकमेकांच्या शेजारी कसे ठेवायचे ते कळेना.

मी भाकर शिकलो 2020 मधे. लॉकडाऊन लागला तेव्हा बायको नोकरीच्या गावी, नांदेडला अडकली, मी आणि लेक लातूरला. पहिले चार दिवस खिचडी, मॅगी, चुरमुऱ्यांचा सुशीला, परत खिचडी. पाचव्या दिवशी लेक म्हणाली बाबा भाकर पाहिजे. मी फोन स्पीकरवर लावून पिठाच्या डब्यावर ठेवला आणि गावाकडनं बाई सांगू लागली, आधणाचं पाणी घे, गार पाण्यानं तुटती, तळव्याच्या टाचेनं मळ, अजून मळ, हात आखडू नको. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं, उकळत्या पाण्यानं पिठाला जो काय चिकटा सुटतो त्याच्यावरच सगळी भाकर उभी असते. मी मळत होतो, थापत होतो, आणि उचलायला गेलं की भाकर मधनं दोन तुकडे. चार वेळा झालं. बाईनं विचारलं पीठ कधीचं आहे. म्हटलं झाला असेल की महिना. "मग विरी गेली त्याची," बाई म्हणाली. "त्याला आता काय बी कर." जुन्या पिठाची विरी जाते, धरून ठेवायची ताकदच राहत नाही त्याच्यात, हा शब्द मी लहानपणी शंभरदा ऐकला असेल पण हातात तुकडे घेऊन उभा राहिल्यावर तो खरा कळला. तेव्हापासून मी आठ दिवसांपुरतंच दळून आणतो. गिरणीत बाप्या माणूस तीन-चार किलोचा डबा घेऊन आला की आधी बायका बघायच्या, आता त्यातल्या एक मावशी मला हाक मारून सांगतात, दादा, आज तांदळावर दळण चाललंय, थांबा थोडं.

ज्वारी गावाकडनंच येते, मालदांडी, पण दरवर्षी एक पोतं मिळवताना भावाची दमछाक होते. आमच्या भागात खरिपाला जिकडंतिकडं सोयाबीन झालंय, त्यात तूर, आणि रब्बीला हरभरा सोपा पडतो. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, पाखरं राखायला कुणी नाही, आणि घरी जनावरंच राहिली नाहीत तर कडबा घालायचा कुणाला. भाऊ दीड एकर ठेवतो ती खायला आणि बाईच्या हट्टापायी. ती म्हणते सोयाबीन काय खायचंय का. खरंय. विकायचं आणि त्या पैशानं ज्वारी घ्यायची, आणि विकतची ज्वारी कधी कुठली लागेल सांगता येत नाही, एखादं पोतं असं निघतं की भाकरीला ना गोडवा ना पांढरेपणा.

ऑफिसात दीड वाजता आमचे डबे उघडतात. मोठ्या टेबलावर कालचा पेपर पसरायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं, डब्याच्या मालकाच्या वाट्याला स्वतःचं निम्मंच येतं. अंबाजोगाईच्या मॅडम अंबाडीची भाजी आणतात, ज्वारीच्या कण्या घालून केलेली, वरनं लसणाची चरचरीत फोडणी, ती आली की दोन मिनिटं कुणी बोलत नाही. कळमनुरीचा एक तरुण पोरगा आहे, एकटा राहतो, त्याचा डबा मेसचा. लातुरात मेसला काय तोटा, गावोगावची पोरं शिकायला इथं येऊन राहिलीत, गल्लीगल्लीत डबे पोचवणारे सायकलवरनं, मोटरसायकलवरनं फिरत असतात. पण बटाट्याची तीच ती पिवळी भाजी, म्हणून त्याच्यासाठी मी एक भाकर जास्तीची टाकतो. सुरुवातीला माझा डबा बघून सगळे विचारायचे, वहिनी आल्यात वाटतं नांदेडहून? मी म्हणायचो मीच केलीये. मग जरा शांतता. आता सवय झालीये. दोन वर्षांपूर्वी चिपळूणकडचे एक साहेब बदलून आले, त्यांना गार भात जात नव्हता, त्यांनी हौसेनं मायक्रोवेव्ह आणून ठेवला. आम्ही सगळ्यांनी हौसेनं डबे गरम करून बघितले. भाजीचं ठीक आहे, पण भाकर त्यात एवढी वातड होते की चपलेचा तळवा चावल्यासारखं. तेव्हापासून माझा डबा मी कधी त्यात ठेवला नाही.

तर मीही रोज दुपारी गारच भाकर खातो की. सकाळी सातला केलेली, सुती फडक्यात गुंडाळलेली, दीड वाजेपर्यंत ती निवलेली असते, जरा घट्ट झालेली असते, आणि शेंगाची चटणी नि दह्यासोबत ती गरम भाकरीपेक्षा जास्त ज्वारीसारखी लागते. गरम भाकरीत वाफ आणि मऊपणा पुढं असतो. गार झाली की दाण्याची गोडी वर येते, सावकाश चावावी लागते. बाईचं बोलणं मनात टोचायला लागल्यावर आठवडाभर मी डबा खाताना हेच म्हणत होतो स्वतःला, की बघ, गार भाकर काही वाईट नाही. पण मला रात्री ओट्यापाशी जाऊन गरम करून खाता येते. हवी तेव्हा. तिथं येऊन मनाची समजूत अडायची.

शनिवारी बायको आली. तिला सगळं सांगितलं आणि सहज विचारलं, तू शेवटची गरम पोळी कधी खाल्लीस? ती म्हणाली, रोज खाते की. नांदेडला, मेसमधे.

येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, आठवलं मग. मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्या लातूर-धाराशिवकडं दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी शहर ओस पडतं, जिल्ह्याला सुट्टी, ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी ओढून नेतंच. आदल्या दिवसापासून बायका स्वयंपाकाला भिडलेल्या असतात, रात्रभर चूल विझत नाही. भज्जी म्हणजे नुसती भाजी म्हणून सांगता येत नाही, ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाल, शेंगदाणे, वांगी, गाजर, मेथी, रानात जे जे आलंय ते सगळं, चिंचेचं पाणी आणि बेसन, मोठ्या भगुन्यात हाताला रग लागेस्तोवर घोटलेलं. सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, तिळाच्या भाकरी, खिचडा, गव्हाची खीर, आणि ताकात ज्वारीचं पीठ लावून मुरवलेलं लसणाचं आंबील. हे सगळं टोपल्यात भरून, डोक्यावर घेऊन, आता गाडीच्या डिकीत घालून, रानात न्यायचं. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, ओलगे ओलगे सालम पोलगे म्हणत पिकावर आंबील शिंपडायचं आणि मग जेवायला बसायचं. आणि त्यातलं एकही काही गरम नसतं! भज्जी रात्रीची, उंडे पहाटेचे, आंबील तर थंडगारच पाहिजे. आमच्या सगळ्या मुलुखाचं वर्षातलं सगळ्यात आवडतं जेवण हे निवलेलं जेवण आहे, हे मला आत्ता आत्ता लक्षात आलं. वाफ नसते, पण वर ऊन असतं, ज्वारीच्या ताटांमधनं वारा येत असतो, आणि भज्जी रात्रभर मुरून अशी काही झालेली असते की ती ताजी चाखली तर तुम्ही म्हणाल ही ती नाहीच.

आणि त्या दिवशी बाई आमच्यासोबत जेवायची. एका पंगतीला. करायचं काही उरलेलंच नसायचं ना, सगळं घरनं करून आणलेलं, कोपीच्या सावलीत सगळे गोल बसायचे आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो वाढायचा. आण्णा स्वतः उठून आंबिलाची बिंदगी फिरवायचे, बाईच्या वाटीतही ओतायचे, ती पदर जरा पुढं ओढून वाटी धरायची.

अजून एकदा ती अशी आमच्यासोबत बसलेली मला आठवते, आणि ते आठवणं सोपं नाही. 1993 च्या 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले. आमचं गाव औसा तालुक्यातलंच, किल्लारीपासून थोडं लांब, म्हणून आम्ही राहिलो, घराच्या दोन भिंती गेल्या आणि माळवदाला चीर पडली. त्यानंतर महिना-दीड महिना कुणी छताखाली झोपलं नाही. खळ्यात तीन दगड मांडून बाई भाकरी करायची. स्वयंपाकघरच नव्हतं, आत-बाहेर नव्हतं, आधी कोण नि मागनं कोण हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. काटवट घरात अडकलेली म्हणून ती एका पत्र्याच्या घमेल्यात पीठ मळायची. भाकर झाली की मोडून ज्याच्या त्याच्या हातात, वर तिखट, ताटलीपण नाही. बाई एक तुकडा तोंडात टाकायची आणि पुढची थापायची. म्हणजे तेव्हा तिनं गरमच खाल्ली असणार. पण तिच्या लेखी ते दिवस खाण्याच्या हिशोबात धरलेलेच नसावेत. मामाचं अख्खं घर गेलं होतं.

एप्रिल 2016 मधेही हातावर भाकर घेऊन खाल्ली आम्ही, या घरात. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो उन्हाळा. पहिली गाडी 12 तारखेला आली, पाच लाख लिटर घेऊन. घरात ताट-वाट्या धुवायला पाणी घालवायचं नाही असं ठरलेलं, मग भाकरीवरच पिठलं, भाकरीवरच चटणी. लेक तेव्हा लहान होती, तिला ती गंमत वाटायची, ताट खायचं म्हणायची.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो, बाईला घेऊन. लातूर, सोलापूर, कोल्हापूर, फोंडा घाट, गाडीत तेरा तास, बाईच्या पिशवीत धपाटे, शेंगाची चटणी, कारळाची चटणी आणि लसूण घातलेला ठेचा. मला दर वेळी वाटायचं कशाला एवढं, नवीन गावाला जायचं तर तिथलं खायचं. मी तिथलं खाल्लंही पोटभर, सुरमई, तिसऱ्यांची सुकी, वडे आणि कोंबडीचा रस्सा, वाटीवर वाटी सोलकढी. बाई माळकरी, तिच्यासाठी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकू वेगळं काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि तांदळाची भाकरी करायच्या. पहिल्या दिवशी बाईनं ती भाकरी हातात घेऊन, उलटीसुलटी करून, कापड बघावं तशी बघितली. मऊ आहे म्हणाली, पण पोटाला आधार न्हाई वाटत. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आणि तिसऱ्या दिवशी पार आत. दोघींची भाषा निम्मी एकमेकींना कळत नव्हती, काकूंचं मालवणी आणि हिचं हे असं. तरी उकड कशी काढायची, ज्वारीची कशी करायची, पाणी किती, हे हातवाऱ्यांनी चाललेलं. रात्री आम्ही सगळे जेवून अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो, समुद्राचा आवाज येत होता, लेक झोपाळ्यावर, आणि आतनं हसायचा आवाज आला. बघितलं तर दोघी खाली फरशीवर बसलेल्या, मधे तव्यावरनं कधीच उतरलेल्या भाकऱ्या, बाजूला आमच्या ठेच्याची डबी, काकूंच्या डोळ्यांतनं पाणी येतंय तिखटानं आणि दोघी हसतायत. बाईला सुट्टीत आणलंय आणि ती परक्या घरातही शेवटी जेवतीये, म्हणून मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं तेव्हा. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. बरं वाटलं. किती दिवसांनी ती अशी हसताना ऐकू आली एवढंच वाटलं.

आता ते आठवलं की मी दोन्हीकडं ओढला जातो. त्या शेवटच्या पंगतीत काहीतरी होतं जे आम्हाला ताटली वाजवून कधी मिळालं नाही. आणि त्याच पंगतीत पन्नास वर्षं गार भाकर होती. आमची काकू आता नाही, आत्या तिच्या लेकाकडं पुण्याला असते, आण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. बाई गावाकडं रात्री एकटीच जेवते, भाऊ-भावजय शेतातनं उशिरा येतात. तिला मी एकदा विचारलं, तुला राग नाही आला का कधी? कशाचा, म्हणाली. म्हटलं सगळ्यांच्या मागनं जेवायचा, गार खायचा. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी कुठल्यातरी लांबच्या माणसाबद्दल बोलतोय. मग थोड्या वेळानं, भांडी लावता लावता, म्हणजे मी लावत होतो आणि ती कुठलं कुठं ते सांगत होती, म्हणाली, "तू पोटात होतास तवा लई वाटायचं. आरासमोरची घ्यावी न खावी." आणि मग म्हणाली ते झारं तिकडं नको, इकडं अडकव.

त्यानंतर मी आणखी काही विचारलं नाही.

एक बदल केला फक्त. तिची भाकर मी सगळ्यांत आधी करायला लागलो. आठ वाजता पहिली भाकर बाईची, ती खिडकीपाशी डब्याला टेकवून उभी करायची, तिथं वारा लागतो, मग बाकीच्या. साडेआठला सगळ्यांची ताटं एकदम. तिची निवलेली, लेकीची गरम, माझी शेवटची. बाईला पहिल्या दिवशी ते विचित्र वाटलं, तू उभा नि आम्ही बसलाव असं म्हणत राहिली, मग मीही ताट घेऊन बसलो तेव्हा जेवायला लागली. लेकीला एकदा दुरडीतल्या गार भाकरीचा तुकडा दिला, तर म्हणाली आज्जी, ही बिस्किटासारखी लागते की, छान आहे. सकाळी बाई रात्रीची उरलेली भाकर ताकात कुस्करते, वर कच्चा कांदा, मीठ, ठेच्याचं बोट. मी चहा घेत घेत तिच्यासमोर बसतो, ऑफिसला उशीर होतो, होऊ दे.

परवा तिचा महिना संपला. डॉक्टरांनी डोळा बघितला, चांगलं आहे म्हणाले. उद्या सकाळच्या एसटीनं जाते म्हणाली, हरभऱ्याचं बघायचंय. रात्री मी मेथीचं गरगटं केलं, तिच्या आवडीचं, लसूण जास्त टाकून, आणि ठरल्याप्रमाणं तिची भाकर खिडकीपाशी. सगळ्यांचं वाढून झालं, शेवटची भाकर जाळावर फुगली, ती ताटात घेऊन मी बसलो. बाई तिची गार भाकर मोडत होती. मोडता मोडता थांबली, माझ्या ताटाकडं हात केला, माझ्या भाकरीचा वरचा पापुद्रा दोन बोटांत धरून अलगद उचलला, आतनं वाफेचा लोट आला, तिची बोटं त्यात तशीच होती, तिनं जवळची तेलाची वाटी ओढली, थेंबभर तेल, चिमूटभर मीठ, तिखट, गुंडाळी केली आणि लेकीकडं न देता माझ्या हातात दिली. मला ती धरवली नाही. या हातातनं त्या हातात घेत बसलो.